सर्व क्षेम असल्याचं मानपत्र

सत्काराला माझा विरोध नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण हैदराबादच्या आमच्या गौलीगुड्यात आजही मला "ती सत्काराला आडवी आलेली" म्हणतात. आडवी मी मानपत्राला आले. सत्काराची बातमी आली तेव्हा मी स्वतः दारोदार पेढे वाटले होते.

मराठी मुलखातला माणूस दिल्लीत गेला होता आणि देशाच्या कारभारात अगदी वरच्या खुर्चीवर बसला होता. बाबांनी ती बातमी इराण्याच्या हॉटेलात रेडिओवर ऐकली आणि चहा अर्धा टाकून घरी आले. आमचं धान्याचं दुकान अफझलगंजला. दुकान उघडं ठेवून बाबा भर दुपारी घरी आल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "आपला माणूस!" ते एवढंच म्हणत होते. "आपला माणूस गेला वर!" आईला आधी वाटलं कुणी वारलंच. तिने पदर डोळ्याला लावला, मग खरं कळल्यावर बाबांना जे बोलली ते इथे लिहीत नाही.

आनंद खरा होता. का होता तेही सांगते. दोनेक वर्षांपूर्वी भाषावार प्रांत झाले आणि आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे केले गेले. मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, आणि हे शहर आंध्रात राहिलं. कापणाऱ्यांनी जिल्हे कापले. शहरात राहणारी मराठी माणसं कुठल्या जिल्ह्यात मोडतात, हे कुणी विचारलं नाही. ज्यांच्या सरकारी नोकऱ्या होत्या त्यांतल्या पुष्कळांच्या तिकडे बदल्या झाल्या. त्या हिवाळ्यात आम्ही सारखे काचीगुडा स्टेशनवर. ट्रंका, वळकट्या, एका बाईंच्या मांडीवर तर तुळशीची कुंडी. गाडी सुटली की फलाटावर उरलेली माणसं एकमेकांकडे अशी बघायची, की जणू आता पाळी कुणाची. मागे उरले ते दोन प्रकारचे. एक आमच्यासारखे, ज्यांना दुकान पाठीवर घालून नेता येत नाही. दुसरे हलक्या नोकरीतले, चपराशी, हमाल, गिरणीतले, ज्यांना तिकडे कुणी बोलावलंच नाही.

अशा मागे उरलेल्यांना दिल्लीत आपला माणूस बसला की बरं वाटतं. मलाही वाटलं. तेच साहेब आता हैदराबादला येणार होते, आणि त्यांच्या सत्कारासाठी समिती नेमली होती. मला वाटलं, आता शाळा वाचेल.

शाळेचं असं होतं. आमच्या मराठी शाळेचे खालचे वर्ग चालू राहणार होते, पण वरचे दोन, मॅट्रिकला नेणारे, धोक्यात आले होते. बदल्यांबरोबर मुलंही गेली होती. शिक्षण खात्याने कळवलं होतं की मराठी समाजाचं म्हणणं ऐकून घेऊ आणि मग हे वर्ग जूनपासून ठेवायचे की नाही ते ठरवू. माझी धाकटी बहीण त्यातल्या पहिल्या वर्गात. वर्ग बंद झाला तर मॅट्रिकच्या तोंडाशी तिचं शिक्षण तुटणार, नाहीतर तेलुगूची अक्षरं पहिल्यापासून गिरवायची.

धाकटीच्या बाकावर तिची मैत्रीण बसायची. मुशी नदीच्या पलीकडच्या वस्तीत राहणारी. वडील एका दफ्तरात चपराशी, मूळचे नांदेडकडचे, नुकतीच दीक्षा घेऊन बौद्ध झालेलं कुटुंब. या मुलीचं सगळं ठरलेलं होतं: मॅट्रिक, मग नर्सिंग. आमच्या घरी आली की धाकटीच्या धडधाकट हाताला पट्टी बांधत बसायची. "हलू नको, पेशंट हायेस," म्हणायची. धाकटी म्हणायची, "पेशंटला चहा मिळतो का?" "मेलेल्याला न्हाई मिळत." हे रोजचं. धाकटीला वर्ग बंद झाला तर औरंगाबादला मावशी होती. या मुलीला कुणी नव्हतं. वर्ग होता तर ती नर्स होती, वर्ग नव्हता तर नव्हती. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती साऱ्या समितीला ठाऊक होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. साऱ्यांना ठाऊक होतं.

समितीची बैठक आमच्याच माडीवर भरली. सतरंजीवर शहरातले सगळे मानाचे मराठी लोक. अध्यक्ष वकीलकाका. हिमायतनगरला त्यांचा बंगला होता, अंगात कायम शेरवानी. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, कोर्टातली भाषा उर्दू, भांडणही उर्दूत. मराठी ते सणावारी काढायच्या चांदीच्या भांड्यांसारखी वापरायचे, समारंभापुरती, आणि मग अशी घासून लखलखीत की तिच्यात जेवायची भीती वाटावी. मानपत्र तेच लिहिणार होते. नदीपलीकडच्या वस्तीतलं त्या सतरंजीवर कुणी नव्हतं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांना कमानीचं काम दिलंय ना."

मी तेव्हा कॉलेजात होते. भाषिक राज्यांच्या चळवळीत हस्तपत्रकं लिहून माझा हात तयार झाला होता. पत्रकाचं एक बरं असतं, पहिल्याच ओळीत काय हवं ते सांगावं लागतं, कारण दुसरी ओळ येईपर्यंत माणूस कागदाची सुरळी करून कान कोरायला लागतो. तशाच सवयीने मी मानपत्राचा मसुदा केला होता. अभिनंदन, मग लगेच: या शहरातल्या मराठी मुलांचे वरचे वर्ग बंद होऊ घातले आहेत, आपण शब्द टाकावा.

वकीलकाकांनी तो चष्मा वर करून वाचला. "बेटी, हे मानपत्र आहे की दरख्वास्त?"

"दोन्ही."

"दोन्ही नसतं. लग्नाच्या मंडपात कुणी फिर्याद वाचतं का?"

सतरंजीवर हशा.

"मंडपात नवरदेवाच्या पोटात कळ आली तर हकीम बोलावतात की मंगलाष्टकं संपू देतात?" मी म्हटलं.

याला हशा जरा कमी आला. बाबा म्हणाले, "काऊन तोंडी लागायलीस? जा, चहा आण."

चहा आणला. पण चहा ठेवता ठेवता मी ऐकत होते. "पाहुण्यापुढे रडगाणं गाऊ नये." "इतक्या मोठ्या माणसाला पहिल्याच भेटीत काम सांगायचं?" "इथल्या सरकारलाही काय वाटेल? राहायचं तर इथंच आहे." आणि मग वकीलकाकांनी मानपत्राचा मधला परिच्छेद वाचून दाखवला: आम्ही येथे सुखासमाधानाने नांदत आहोत, आमच्या भाषेस, व्यवसायास आणि मुलाबाळांच्या शिक्षणास येथे काहीही न्यून नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाही ते खोटं वाटलं नाही. खोटं वाटलं नाही, हेच मला आजही सहन होत नाही.

त्यांना ते खोटं का वाटलं नाही, ते मला कळतं. आमच्याकडे पत्र कसं लिहितात? "इकडील सर्व क्षेम. आपले क्षेम कळवावे." घराला आग लागली असली तरी पहिली ओळ हीच. मी लहान असताना गावाहून चुलत्यांचं पत्र आलं होतं: "इकडील सर्व क्षेम. विशेष, तुझी काकू गेल्या आठवड्यात वारली." बाबा ते वाचून ओक्साबोक्शी रडले, आणि डोळे पुसून उत्तराला बसले. पहिली ओळ: "पत्र पावले. इकडेही सर्व क्षेम." मी विचारलं, बाबा, हे काय? ते म्हणाले, "आधी दार उघडायचं असतं, मग रडायचं. उंबऱ्यातच रडलं तर आलेला माणूस बसेल कुठं?"

मला हे बोलणं आवडलं होतं. अजूनही आवडतं. पण पत्राला दुसरी ओळ असते. "विशेष" म्हणून खाली खरं लिहायला जागा असते. मानपत्राला ती नसते. मानपत्र म्हणजे नुसती पहिली ओळ, चौकटीत घालून, जरीच्या पिशवीत ठेवून, हजार माणसांसमोर वाचलेली.

हे मी त्या दिवशी माडीवर बोलले. जवळजवळ याच शब्दांत. वकीलकाका शांतपणे म्हणाले, "दुसरी ओळ आपण वेगळी देऊ. कार्यक्रमानंतर साहेब माझ्याकडे चहाला येणार आहेत. तिथं तुझी दरख्वास्त मी स्वतः त्यांच्या हातात देईन. बस?" आणि बाबांकडे बघून, "पोरीला वकील करा तुम्ही." सगळे खूश. मलाही गप्प बसावं लागलं.

पण पत्रक मी छापलंच. अफझलगंजच्या एका छापखान्यात, पातळ पिवळ्या कागदावर. मथळा: "सत्कार करा, पण खरं बोला." सभागृहाच्या दारात वाटायचं ठरवलं होतं. तिथे समितीचे बिल्ले लावलेले स्वयंसेवक आले, म्हणाले, "ताई, गर्दीत पायाखाली येतील, नंतर वाटू," आणि गठ्ठे उचलून बाबांच्या दुकानात नेऊन ठेवले. नंतर म्हणजे कधी ते पुढे कळलं. आमच्या दुकानात कागद वाया जात नाही. कित्येक महिने अफझलगंजच्या गिऱ्हाइकांना हिंग, जिरं आणि सुंठ माझ्या पत्रकात बांधून मिळत होती. एकदा तर आईनेच हळदीची पुडी सोडली आणि मला ऐकवलं, "सत्कार करा, पण... पुढचं हळदीत गेलंय."

सत्काराचा दिवस मोठा झाला यात शंका नाही. कमान सुंदर झाली होती. वस्तीतल्या लोकांनी झेंडूच्या फुलांत असं काम केलं होतं की टांगेवाले थांबून बघत होते. मला औक्षणाच्या बायकांत उभं केलं होतं, तेवढा वेळ तरी माझ्या हातात तबक राहील आणि कागद राहणार नाही म्हणून. साहेब आले, आम्ही ओवाळलं. त्यांनी प्रत्येकीला हात जोडले. साधा माणूस वाटला. फेटा, शाल, श्रीफळ, हार, पुन्हा हार. हारांच्या ढिगात त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

मग वकीलकाका मानपत्र घेऊन उभे राहिले. आवाज खणखणीत. "काहीही न्यून नाही" या शब्दांवर त्यांनी जरा थांबून वर पाहिलं, जसं गवई समेवर आल्यावर बघतो, आणि टाळ्या पडल्या. मी बायकांच्या बाजूला बसले होते. माझ्या शेजारी दीक्षेचं पांढरं लुगडं नेसलेली धाकटीच्या मैत्रिणीची आई. तिने टाळी वाजवली नाही. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "काय वं ताई, सुखात कोण हाय म्हनं? त्येचं नाव इचारून घ्या. म्या त्येच्या घरी ऱ्हायला जाते."

मला हसू आलं.

साहेब बोलायला उठले. छान, सरळ मराठी. म्हणाले, प्रांत झाले तेव्हापासून मनाला एक टोचणी होती, की आपली माणसं पलीकडे राहिली, त्यांचं कसं चाललं असेल. आज तुमच्या तोंडून ऐकलं आणि ती टोचणी गेली. तुम्ही इथे आनंदात आहात, मुलं शिकत आहेत, याहून मोठा सत्कार माझा नाही. दिल्लीत मी अभिमानाने सांगेन, की हैदराबादच्या मराठी माणसाची काही तक्रार नाही.

टाळ्या थांबेनात.

मला त्यांचा राग आला नाही. त्या माणसाने विचारलं होतं, कसं चाललंय. आम्ही सांगितलं, छान चाललंय. त्याने विश्वास ठेवला. मला राग आला तो टाळ्यांचा. त्या टाळ्यांत बाबांचे हात होते.

चहाला साहेब आलेच नाहीत. सरकारी गाडी मागच्या दारी लागली होती, त्यांना दुसरीकडे जायचं होतं, ते गेले. हिमायतनगरच्या बंगल्यात चिरोटे, चिवडा, कपबशा मांडून ठेवलेल्या. समितीने बसून ते सगळं संपवलं. माझी दरख्वास्त वकीलकाकांच्या शेरवानीच्या आतल्या खिशात होती. मी हात पुढे केला, "द्या, मी पोस्टाने पाठवते."

"आता पोस्टाने बरं दिसत नाही," ते म्हणाले. "आज मानपत्र आणि उद्या तक्रार? माणूस काय म्हणेल? पुढच्या खेपेला देऊ."

"पुढची खेप कधी?"

"येतील की. मोठी माणसं येतच असतात." आणि चिरोट्याची कड मोडून तोंडात टाकली.

त्यांनी आणखी एक केलं. मानपत्राचा उर्दू तर्जुमा स्वतः केला आणि इथल्या उर्दू वर्तमानपत्राला धाडला. पूर्ण छापून आला. शेरवानीच्या खिशात दरख्वास्त तशीच राहिली, आणि "काहीही न्यून नाही" शहरभर गेलं. बाबांनी ते कात्रण दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शिक्षण खात्याने बोलावलं. समाजाच्या वतीने वकीलकाका आणि बाबा जाणार होते, शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि मी, कारण मी बाबांच्या मागे भुणभुण लावली होती. धाकटीच्या मैत्रिणीची आई शाळेत येऊन म्हणाली, "मला बी न्या. म्या दोनच शब्द बोलन." वकीलकाका म्हणाले, "बाई, साहेबलोकांपुढं गर्दी नको. आम्ही आहोत ना." ती माझ्याकडे बघत राहिली. मी भांडले. गाडीत जागा नाही असं उत्तर मिळालं. वकीलकाकांच्या मोटारीत त्यांची छत्री, पानाचा डबा आणि एक रिकामी सीट होती.

अधिकारी तेलुगू गृहस्थ. पण त्या पिढीचे, म्हणजे उर्दूत शिकलेले, अदबशीर. आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. मुख्याध्यापिकांनी वर्गाचं सांगितलं. वकीलकाकांनी उर्दूत दहा वाक्यं सुंदर जोडली. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग टेबलाच्या कप्प्यातून ते वर्तमानपत्र काढलं. घडी घालून ठेवलेलं होतं, त्या परिच्छेदावर.

"हे तुम्हीच वाचून दाखवलंत ना?" त्यांनी उर्दूतच विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. ते खरोखर गोंधळले होते. "तालीम में कोई कमी नहीं. तुमच्याच सगळ्या समाजाने, तुमच्याच वजीरांसमोर. मग आज माझ्यापुढे कमी कुठून आली? मी वर काय लिहू?"

वकीलकाका हसले. "जनाब, वो तो... तकरीब की बात थी. समारंभात बोलायची एक रीत असते."

"रीत आमच्यातही आहे," अधिकारी म्हणाले. "कुणी खुशाली विचारली तर मीही बरं आहे म्हणतो. पण ते छापून, सही करून देत नाही."

वर पंखा कुरकुरत होता. मी तोंड उघडलं, पण अधिकाऱ्यांनी हात वर केला, म्हणाले, "बेटी, तुझं नाही. ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी बोलावं."

सही वकीलकाकांची होती. त्यांच्याखाली बाबांची.

मी बाबांकडे बघितलं. बाबा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. ती टोपी फिरवत होते, शिवण शोधत असल्यासारखी. मग म्हणाले, "साब, हम झूट बोले."

ज्या माझ्या बापाने आयुष्यात कधी काटा मारला नाही, तो माणूस परक्या दफ्तरात म्हणाला, आम्ही खोटं बोललो.

अधिकारी चमकले. "किस से? मंत्रीजी से?"

"हौ," बाबा म्हणाले. "उनसेच. बच्च्यांचा वर्ग टूट रहा है, हमको मालूम था. फिर भी बोले सब ठीक है. तुम वो कागद मत देखो साब. हम अभी जो बोलते सो लिखो."

वकीलकाकांनी बाबांची बाही ओढली. खरंच ओढली, मी पाहिलं. आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे जरा भावनेच्या भरात बोलतायत. घरातली मुलगी त्याच वर्गात आहे. समाजाचं मानपत्र खोटं होतं असं मी अध्यक्ष म्हणून मुळीच म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा तो अपमान होईल."

"म्हणजे कमी नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कमी आहे. पण मानपत्रही खरं आहे."

अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्रावर बोट टेकवलं. मग म्हणाले, एका बापाचं म्हणणं एकीकडे आणि साऱ्या समाजाचं लिहून दिलेलं दुसरीकडे. वर विचारलं तर मला हे दाखवावं लागेल. आणि वर्तमानपत्राची घडी पुन्हा होती तशी घातली.

जिन्यातून उतरताना वकीलकाका बाबांना म्हणाले, "तुम्ही माझी इज्जत घालवली." बाबा टोपी घालून पुढची पायरी उतरले. मी बोलले. काय बोलले ते आमच्या गल्लीत अजून सांगतात, तिखटमीठ लावून, पण मूळच पुरेसं तिखट होतं. मी म्हटलं, "काका, तुमची इज्जत तुमच्या खिशात आहे, माझ्या दरख्वास्तीखाली. चुरगळली असेल, इस्त्री करून घ्या."

मोटारीत आम्ही बसलो नाही. बाबा आणि मी चालत अफझलगंजला आलो. दुकानात शिरल्याबरोबर बाबांनी गल्ल्यावरचं कात्रण नखाने खरवडून काढलं. खळ पक्की होती. अर्धंच निघालं.

जूनमध्ये वर्ग उघडला नाही.

लोक मला म्हणतात, मुलं कमी होती, तो वर्ग तसाही बंद झाला असता. झाला असता कदाचित. पण मग तो त्यांनी बंद केला असता. आम्ही आमच्या हाताने, जरीच्या पिशवीत घालून, बंद करायचं कारण पुरवलं. या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. पूर्वी घालायचे.

धाकटीला औरंगाबादला मावशीकडे पाठवलं. काचीगुडा स्टेशनवर मैत्रीण आली होती, आईबरोबर. दोघी मुली खिडकीच्या गजांतून एकमेकींचे हात धरून होत्या. गाडी हलायला लागल्यावर ती मैत्रीण एवढंच म्हणाली, "हात आत घे. तुटला तर बांधायला मी न्हाई."

गाडी गेली. तिची आई मला म्हणाली, "तुमची गेली गाडीत बसून. आमची कुठल्या गाडीत बसवू, सांगा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, मी घरी शिकवते, बाहेरून परीक्षेला बसवू. ती म्हणाली, "बसवा. तवर मी तिला कामाला घालत न्हाई." पण महिन्याभरातच वडिलांची तब्येत बिघडली आणि मुलगी एका बिडीच्या कारखान्यात जायला लागली. संध्याकाळी माझ्याकडे यायची, बोटांना तंबाखूचा वास, आणि भूमितीच्या पहिल्याच प्रमेयावर झोपायची. मी तिला उठवत नसे. नंतर नंतर तिने यायचं सोडलं.

पावसाळा सरता सरता धाकटीचं पहिलं पत्र आलं. "तीर्थरूप बाबांस, इकडील सर्व क्षेम." आणि खाली: इथल्या मुली माझ्या हैदराबादी 'नक्को'ला हसतात, मावशीकडे जागा कमी आहे, मी स्वयंपाकघरात झोपते, आणि ती काय करते? तिला शाळा मिळाली का?

बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग लिहायला बसले. चष्मा, दौत, मांडीवर पाट. मी समोर तांदूळ निवडत होते. त्यांनी लिहिलं, "चिरंजीव बाळीस अनेक आशीर्वाद. पत्र पावले. इकडील स" आणि टाक थांबला. बराच वेळ थांबला, कागदावर शाईचा ठिपका पसरला. मग त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, फाडला नाही, दुकानात पुडीला येईल म्हणून, आणि दुसरा घेतला. आशीर्वाद पुन्हा लिहिले. त्याखाली लिहिलं, "तुझ्या मैत्रिणीला शाळा मिळाली नाही. ती बिड्या वळायला जाते."

मग मान वर करून मला विचारलं, "अशी सुरुवात करतात का गं?"

"करतात," मी म्हटलं.

"मग पुढं काय लिहू?"

बाबांनी तेवढ्यावरच सही केली.